तारणाऱ्याचा हिशेब

गेल्या चवथीची गोष्ट. आरती झाली, पंचखाद्य वाटून झालं, आणि मोठी माणसं पत्ते कुटायला बसली. आमच्या घरची चार पोरं मात्र माटोळीपासून जरा लांब, भिंतीला टेकून चार मोबाइल घेऊन बसली होती. तीन पुतणे आणि एक भाची. खेळ अर्थातच बीजीएमआय, म्हणजे आपल्या जुन्या पब्जीची भारतीय आवृत्ती. दर दोन मिनिटांनी कोणीतरी बोंब मारायचं, "म्हाका उखल गो, उखल!"

मी पत्ते सोडून तिकडे जाऊन बसलो. (पत्त्यांत हरत होतो, हेही खरं.)

हे खेळ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. चौघांचा संघ असतो. गोळी लागून माणूस आडवा झाला तरी तो लगेच संपत नाही, जमिनीवर रांगत राहतो. सोबत्याने त्याच्याजवळ जाऊन सलग दहा सेकंद त्याला सावरलं, तर तो उठतो. त्या दहा सेकंदांत सावरणाऱ्याला हलता येत नाही की बंदूक चालवता येत नाही. शत्रूला हे ठाऊक असतं, म्हणून तो पडलेल्याला तसाच ठेवून उचलायला कोण येतंय याची वाट बघत बसतो. दहा सेकंद म्हणजे किती, ते घड्याळ लावून एकदा बघाच.

आमची भाची धावत सुटत नव्हती. आधी शत्रूच्या बाजूला धुराचा गोळा फेकायची, धूर दाट होईपर्यंत थांबायची, मग वाकून जायची. तिच्या पिशवीत गोळ्या कमी आणि मलमपट्टीचं सामान जास्त. एकाला पट्टी दे, दुसऱ्याला फर्स्ट एड दे, तिसऱ्याला "तिथेच बस, येतेय" म्हणून दामटव. मी मोजलं. त्या संध्याकाळी तिने सहा वेळा कोणाला ना कोणाला उचललं. शेवटच्या डावात चौघंही शेवटपर्यंत टिकली आणि जिंकली.

मग सुरू झाला हिशेब. "माझे नऊ." "माझे सहा." "माझे चार, पण शेवटचा मीच मारला." (या भारतीय आवृत्तीत 'किल' म्हणत नाहीत, 'फिनिश' म्हणतात, आणि रक्त हिरवं असतं. असो.) मी विचारलं, "आणि हिचे?"

धाकटा पुतण्या म्हणाला, "शून्य. काका, ती कायच करत नाही. नुसती उचलते."

"मामा, असू दे," भाची म्हणाली आणि उठून आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. त्या 'नुसती'ने माझ्या डोक्यात जे घर केलं, त्यातून हा लेख.

खरं सांगायचं तर मी या विषयात तटस्थ नाही. टीम फोर्ट्रेस २ हा खेळ ऑक्टोबर २००७ मध्ये आला आणि पुढची दोन-तीन वर्षं माझ्या कितीतरी रात्री त्याने खाल्ल्या. त्यात नऊ प्रकारची पात्रं आहेत. माझा नेम इतका वाईट होता की समोरची भिंतसुद्धा चुकायची. म्हणून मी नाइलाजाने मेडिक झालो. मेडिकच्या हातात एक यंत्र असतं. ते सोबत्यावर रोखून धरलं की त्याच्या जखमा भरत जातात, आणि पुरत्या भरल्यानंतरही धरून ठेवलं तर त्याचा जीव काही काळ नेहमीच्या दीडपट होतो. स्वतःवर मात्र ते रोखता येत नाही. डॉक्टरने स्वतःची नाडी बघायची नाही, असा काहीसा प्रकार!

हे करता करता यंत्रात एक ऊर्जा साठत जाते. ती पूर्ण भरायला कमीत कमी चाळीस सेकंद लागतात. भरली की कळ दाबायची, आणि आठ सेकंद तुम्ही आणि तुमचा सोबती दोघंही अभेद्य! अडलेली लढाई फिरते ती याच आठ सेकंदांत. पण कळ दाबण्याआधी मेडिक मेला तर साठवलेलं सगळं पाण्यात. म्हणजे तो आठ सेकंदांचा पराक्रम दिसण्याआधी मेडिकने जिवंत राहायचं, मागून सुरा घेऊन येणाऱ्या हेराकडे लक्ष ठेवायचं, कोणाला किती लागलंय ते बघायचं, पाच जण एकदम हाका मारताहेत त्यातली कोणाची खरी निकडीची ते ओळखायचं, आणि कळ कधी दाबायची ते ठरवायचं. दोन सेकंद लवकर दाबली तर वाया, दोन सेकंद उशिरा दाबली तर दोघंही गेले.

काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की ज्याचा नेम चांगला आहे तो समोरचा एक माणूस बघत असतो, आणि मी सगळा खेळ बघत असतो. कोण घाबरलाय, कोण उगाच शहाणपणा करतोय, डावी बाजू कधी ढासळणार, हे मला आधी कळायचं. नाइलाजाने घेतलेलं काम पुढे मी आवडीने घेऊ लागलो.

पण आवडीने घेणारे थोडेच. या खेळांच्या इतिहासातली ही जुनी दुखणी आहे. टीम फोर्ट्रेस २ बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने एप्रिल २००८ मध्ये खेळून मिळवायची नवी हत्यारं आणली, ती नऊ पात्रांपैकी सर्वांत आधी मेडिकसाठी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. त्यात पाच जणांची तुकडी गुहेत उतरते. एक जण पुढे राहून मार झेलणारा, एक जण बरं करणारा, आणि तिघं मारणारे. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी लोकांची तुकडी आपोआप जुळवून देणारी सोय आली. मारणाऱ्यांच्या तीन जागा असूनही त्यांना ताटकळत बसावं लागे, आणि झेलणारा नाहीतर बरं करणारा आला की त्याला चटकन जागा मिळे. शेवटी २०११ साली कंपनीने ज्या भूमिकेचा तुटवडा असेल ती घेणाऱ्याला वर बक्षिसाची थैली द्यायला सुरुवात केली. चक्क आमिष! एसटीत पुढच्या सीटवर बसायला कंडक्टरने पैसे द्यावेत, तसं.

लोक का टाळतात? 'कंटाळवाणं काम' हे सोपं उत्तर आहे, पण मला ते पटत नाही. माझ्या मते खरं कारण दोषाच्या वाटणीत आहे. मारणाऱ्याने आळस केला तर राक्षस मरायला थोडा जास्त वेळ लागतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. बरं करणाऱ्याचं दोन सेकंद लक्ष चुकलं तर कोणीतरी मरतं, आणि तो मेलेला माणूस सगळ्यांना दिसतो. याउलट त्याने वीस मिनिटं एकही चूक केली नाही, तर काय दिसतं? काहीच नाही. सगळे उभे आहेत एवढंच. आमच्याकडे पावसाळ्यात रात्री दोन वाजता वीज गेली की सारं गाव वीजखात्याच्या नावाने बोटं मोडतं. पण ज्या रात्री लाइनमनने भिजत फांदी तोडली आणि वीज गेलीच नाही, त्या रात्री आपण झोपलेलो असतो. न घडलेल्या गोष्टीचे आभार कोण आणि कसे मानणार?

आणि जे दिसत नाही ते मोजलं जात नाही. मारलेला माणूस मोजायला सोपा आहे. एक पडला, आकडा एकने वाढला. पण धूर फेकल्यामुळे जी गोळी लागली नाही, ती कुठल्या रकान्यात लिहिणार? म्हणून आपण जे मोजता येतं तेच मोजतो, आणि हळूहळू जे मोजलं तेवढंच घडलं असं मानू लागतो. आमच्या धाकट्याचं 'शून्य' हे तिथून येतं. तो खोटं बोलत नव्हता. त्याने हिशेबाची एकच वही उघडली होती, एवढंच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं मेडिक संघटनेचं पत्रक होईल. कोणी म्हणेल, बरं करणाराच नको, प्रत्येकाने आपापलं बघावं. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या गिल्ड वॉर्स २ या खेळाने झेलणारा, बरा करणारा आणि मारणारा ही जुनी त्रयी मोडून काढली होती. सगळ्यांना थोडं थोडं बरं करता येईल, खास त्यासाठी कोणी अडून बसणार नाही. विचार चांगला होता, लोकांना आवडलाही. पण २०१५ साली त्याच खेळाला मोठी विस्तारित आवृत्ती आली, दहा जणांनी मिळून लढायच्या अवघड लढाया आल्या, आणि त्यासोबत इतरांना बरं करणं हेच जिचं बलस्थान, अशी ड्रुइडची नवी वाटही आली. संकट खरोखर मोठं झालं की 'ज्याचं त्याने बघावं' हे धोरण पुरत नाही. दारातून घालवलेला वैद्य खिडकीतून परत आला, तो असा.

उलट टोकही आहे. ओव्हरवॉच या खेळात २०१८-१९ च्या सुमारास व्यावसायिक संघांना एक युक्ती सापडली. सहांपैकी तीन झेलणारे आणि तीन बरं करणारे घ्यायचे, निव्वळ मारणारा एकही नको. त्या घोळक्याला फोडणं महाकठीण. 'बरं करणारे दुबळे' म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर नसेल! पण बघणाऱ्यांना कंटाळा आला, एकसारखेच सामने होऊ लागले, आणि २०१९ मध्ये कंपनीने प्रत्येक संघात झेलणारे दोन, मारणारे दोन, बरं करणारे दोन असा नियमच करून टाकला. त्यामुळे मारणाऱ्यांशिवाय चालतं असं माझं म्हणणं मुळीच नाही. डाळ एकट्या मिठाने होत नाही. फक्त मिठालाही डाळीतलाच घटक म्हणा.

कौशल्याचा मुद्दा उरतोच. 'ज्याला खेळता येत नाही त्याला सपोर्ट द्या' असं सर्रास म्हणतात. (मी स्वतः त्याच दाराने आत आलो, तेव्हा मी गप्प बसतो.) पण डोटा २ बघा. त्यात पाच खेळाडूंना एक ते पाच असे क्रमांक असतात, आणि ते कमाईवर कोणाचा हक्क आधी यावरून पडलेले आहेत. पाचवा सगळ्यांत गरीब. तो इतरांसाठी पहारे लावतो, आडोसा देतो, वेळ पडली तर मरतो. २०१८ साली व्हँकुव्हरला आणि २०१९ साली शांघायला या खेळाची जागतिक स्पर्धा ओजी या संघाने लागोपाठ जिंकली. दोनदा जिंकणारा तो पहिलाच संघ. त्याचा कर्णधार योहान सुन्स्टाइन याच पाचव्या जागेवर खेळत होता. ज्याच्या खिशात सर्वांत कमी, त्याच्या डोक्यात सर्वांत जास्त!

आपल्याला खरं तर हे नवीन वाटायला नको. गोव्यात आपण फुटबॉल बघत वाढलो. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलरक्षक होते. त्यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती गोल केले म्हणून नाही. आणि देवळाच्या मंडपात गाणं ऐकत बसलेल्यांना 'साथ' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खाप्रूमामा पर्वतकरांचं नाव अजून आदराने घेतलं जातं ते तबल्यावरच्या लयीसाठी. गवई समेवर येतो तेव्हा आपण मान डोलावतो, पण ती सम तिथे धरून कोणी ठेवलेली असते, हे जाणकाराला ठाऊक असतं. इंग्रजी 'सपोर्ट' या शब्दात मला टेकू दिसतो, पडवीच्या छपराला लावलेला वासा. 'साथ' म्हटलं की बरोबरीने बसलेला माणूस दिसतो. पोरांना मी हाच शब्द वापरा म्हणून सांगणार आहे. ऐकतील याची खात्री नाही.

या साथीची एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये हक्कार नावाचा एक राक्षस आणला गेला. तो लढताना खेळाडूंना रक्त नासवणारा रोग द्यायचा आणि तो जवळ उभ्या असलेल्यांना लागायचा. रोग त्या गुहेपुरताच राहील अशी योजना होती. पण खेळाडूंचे पाळीव प्राणी तो घेऊन बाहेर आले, आणि गजबजलेल्या शहरांत साथ पसरली. (ही दुसरी साथ. आपल्या भाषेत दोघींना एकच शब्द आहे, गंमतच.) बलवान खेळाडू कसेबसे तगायचे, नवशिके क्षणात मरायचे. चौकाचौकांत सांगाड्यांचे ढीग. लोक शहर सोडून पळाले. काहींनी मुद्दाम रोग पसरवला. आणि ज्यांना बरं करण्याची विद्या होती त्यांतले कितीतरी जण उलट शहराकडे धावले आणि अनोळखी लोकांना बरं करत बसले.

त्यांना त्याबद्दल काही मिळणार नव्हतं. ना थैली, ना आकडा. अखेर कंपनीने सर्व्हर नव्याने सुरू करून तो रोग मिटवला. पुढे एरिक लोफ्ग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी २००७ साली 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रसंगावर लेख लिहिला. खऱ्या साथीत माणसं कशी वागतील हे समजायला अशा खेळांचा उपयोग होईल का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी या मदतीला धावलेल्यांचीही नोंद घेतली, आणि एक कडू गोष्टही सांगितली. रोग्यांना जिवंत ठेवल्यामुळे आणि स्वतः रोग घेऊन फिरल्यामुळे या मंडळींनी साथ कदाचित लांबवलीही असेल. म्हणजे नुसती माया पुरत नाही, ती कधी आणि कशी करायची तेही कळावं लागतं. आमच्या भाचीचा आधी धूर, मग धाव, हा क्रम मला इथे आठवतो.

२०२० साली आपण सगळ्यांनी खरी साथ बघितली. तेव्हा टाळ्या-थाळ्या वाजवल्या, आणि त्याच सुमारास काही ठिकाणी नर्सबाईंना घर सोडायला सांगणारे घरमालकही होते. कौतुक एका संध्याकाळचं आणि मान मात्र रोजचा नाही, हा खेळातला हिशेब खेळाबाहेरूनच आलेला आहे.

एक शेवटची गोष्ट, जरा नाजूक. संघात मुलगी असली की 'तू उचल, तू बरं कर' असं गृहीत धरलं जातं. मला मुलींनी हे काम घेण्याबद्दल तक्रार नाही. ते त्यांच्यावर ढकललं जातं आणि मग त्याच कामाला 'नुसतं' म्हटलं जातं, याबद्दल आहे. आधी पदर खोचायला लावायचं आणि मग 'घरीच तर असते' म्हणायचं, ही आपली जुनी खोड मोबाइलवर आली आहे. मी भाचीला नंतर विचारलं, तुला हे आवडतं की ते सांगतात म्हणून करतेस? ती म्हणाली, "आवडतं. पण मी मारायला गेले तर हे सगळे मरतात, मामा, म्हणून जातच नाही." या उत्तरात किती आवड आणि किती नाइलाज, ते मला अजून सुटलेलं नाही. तिच्या आईचंही उत्तर बहुतेक हेच आलं असतं.

तर मला काय म्हणायचंय? फार मोठं काही नाही. आमच्या गावातल्या एका मंडळाने मागच्या मे महिन्यात या खेळाची स्पर्धा भरवली होती. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, आणि 'सर्वाधिक फिनिश' करणाऱ्याला वेगळे रोख दोन हजार. मी जाऊन म्हटलं, सर्वाधिक सोबती उचलणाऱ्यालाही तेवढेच ठेवा, अर्धे मी देतो. आयोजक पोरगं भलं होतं, हसून म्हणालं, "काका, ते कोण मोजणार?"

मोजायला फार काही लागत नाही हो. घरात मी पत्ते खेळता खेळता, एका डोळ्याने बघत मोजलेच की. एक वही आणि एक माणूस पुरे. येत्या मे महिन्यात ते दोन्ही घेऊन मीच बसणार आहे. दोन हजारही माझेच. आणि धाकट्या पुतण्याला शेजारी बसवणार आहे, रकाना भरायला.